पडलें कीं पाडलें?

एखाद्या घरच्या सुनेला दिवस गेल्याचें शेजारीं ठाऊक असावें, आणि ती एकाएकीं दोन दिवस अंथरुणावरून उठूं नये, म्हणजे गांवांत एक प्रश्न फिरूं लागतो. तो पाणवठ्यावर फिरतो, पिठाच्या गिरणीपाशीं फिरतो, आणि सांगावयास वाईट वाटतें, पण रविवारीं उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवरही फिरतो. प्रश्न तीनच शब्दांचा आहे: पडलें कीं पाडलें? ज्या बाईविषयीं तो विचारला जातो तिच्या अंगांत ताप आहे काय, तिनें सकाळपासून कांहीं खाल्लें काय, तिचीं दुसरीं लेंकरें आज कोणी सांभाळलीं, हे प्रश्न मागाहून येतात. कित्येकदां येतच नाहींत.

आमच्या भाषेंत दोहोंसही एकच शब्द आहे, गर्भपात. देहानें आपण होऊन गर्भ सोडला तरी गर्भपात, आणि औषधानें किंवा डॉक्टराच्या हातून तो काढला तरी गर्भपात. भाषेनें जें एकत्र ठेवलें तें गांवची जीभ वेगळें करूं पाहते, आणि त्या वेगळेपणावरून ठरवूं पाहते कीं, ह्या बाईला पेज नेऊन द्यावयाची कीं तिच्याकडे पाठ करावयाची. असें ठरविणें न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्हीं विचारास घेतला आहे.

गर्भपात करणें केव्हां योग्य व केव्हां अयोग्य, हा वाद येथें नाहीं. त्याविषयीं निरनिराळ्या मंडळ्यांचीं मतें निरनिराळीं आहेत, आणि एकाच मंडळींतल्या दोघां वडील जनांचींही एक नसतात. जीव ही देवाची देणगी आहे असें आम्ही मानतों, आणि तें मत ह्या लेखांत आम्ही कोठेंही मागें घेत नाहीं. परंतु ज्या बाईविषयीं आज बोलावयाचें आहे तिच्यापुरतें तें होऊन गेलें आहे. गर्भ गेला, ती राहिली आहे. आतां तिचें काय?

प्रथम देहाची गोष्ट सांगूं. कारण ती आमच्या उपदेशक बंधूंस बहुधा कोणी सांगत नाहीं, आणि पुरुषांसमोर बोलावयाची नव्हे असें समजून बायकाही गप्प राहतात. गर्भ जाण्याचें कारण कांहीं असो, पोट रिकामें झाल्यावर देह जें करितो तें बहुतेक एकच असतें. गर्भाशय आंवळत आंवळत आपल्या मूळच्या आकारास येऊं लागतो, आणि त्या आंवळण्यानें ओटीपोटांत कळा येतात. रक्तस्राव साधारणपणें एक ते दोन आठवडे चालतो. पुढें महिनाभर अधूनमधून डाग दिसला तरी तेवढ्यानें भ्यावयाचें कारण नसतें. छाती जड होऊन दुखते. चौथ्या-पांचव्या महिन्यांत गर्भ गेला असेल तर दोन-चार दिवसांनीं दूधही येतें. हें दूध येणें फार कठीण. ज्याच्यासाठीं तें आलें तें लेंकरूं नाहीं, आणि देहाला हें अजून कोणीं सांगितलेलें नाहीं. अशा वेळीं छाती पिळून दूध काढीत बसूं नये. आधार देणारी चोळी घालावी, पण करकचून बांधूं नये. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या. थोड्या दिवसांत तें आपोआप आटतें. मासिक पाळी चार ते आठ आठवड्यांत परत येते. मात्र पाळी येण्यापूर्वींच, दोन आठवड्यांच्या आंतसुद्धां, पुन्हां दिवस जाऊं शकतात. ही गोष्ट नवऱ्यास ठाऊक असली पाहिजे, आणि बहुतेक नवऱ्यांस ती ठाऊक नसते. रक्त थांबेपर्यंत, आणि त्यानंतरही तिची स्वतःची इच्छा होईपर्यंत, त्यानें तिला एकटीला निजूं द्यावें. पुढची काळजी कशी घ्यावयाची हें प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा आशा ताईस दोघांनीं मिळून विचारावें.

ह्या सर्व गोष्टी देहाच्या नेहमींच्या रीतीच्या आहेत. भिण्यासारख्या गोष्टी वेगळ्या, आणि त्या प्रत्येक बायबलबाईनें पाठ करून ठेवाव्या. तासाला दोन मोठ्या घड्या भिजाव्या आणि असें सलग दोन तास चालावें. अंगांतला ताप १००.४ अंशांवर जावा. जाणाऱ्या स्रावास घाण वास यावा. गोळी घेऊनही पोटांतली कळ थांबूं नये. उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधारी येऊन ती खालीं बसावी: ह्यांपैकीं एक जरी दिसलें तरी रात्र असो कीं पाऊस असो, १०८ ह्या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आंत कांहीं अंश राहिला असेल किंवा जंतु शिरले असतील, तर त्यावर दवाखान्यांतच उपाय होतो, घरीं होत नाहीं. ‘बघूं सकाळीं’ ह्या दोन शब्दांनीं पुष्कळ बाया नेल्या आहेत.

शिवाय जें रक्त जातें तें कोणत्या देहांतून जातें हेंही पाहिलें पाहिजे. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. म्हणजे निम्म्याहून अधिक बाया मुळांतच उधारीवर चालल्या आहेत. त्यांतून आणखी रक्त गेलें म्हणजे उठण्याबसण्याचें त्राण कोठून राहणार? तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत, आणि त्या चहाबरोबर न घेतां लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या पाहिजेत. कारण चहा लोह अंगीं लागूं देत नाहीं. डाळ, पालेभाजी, मिळेल तर अंडें किंवा मटणाचा रस्सा तिच्या ताटांत आधीं वाढला पाहिजे. सर्वांचें झाल्यावर भांड्यांत उरलेलें खाणाऱ्या बाईला बरें व्हावयास फार दिवस लागतात.

येथें आमच्या रीतिभातींतलें एक वैगुण्य उघडें पडतें. बाळंतिणीला आम्ही सव्वा महिना देतों. गरिबांतला गरीब असला तरी डिंकाचा नाहीं तर खोबऱ्याचा लाडू करितो, अंगाला तेल लावावयास कोणी तरी म्हातारी येते, शेक होतो, आई येते किंवा लेक माहेरीं जाते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असें आम्ही म्हणतों, आणि खरेंच म्हणतों. पण हा सर्व मान पाळण्यांतल्या जीवामुळें आहे. पाळणा रिकामा असला म्हणजे लाडू नाहीं, तेल नाहीं, सव्वा महिना तर नाहींच. जणूं काय तिच्या देहानें कष्ट केलेच नाहींत! तिसऱ्या दिवशीं तिच्या डोक्यावर घागर असते. आपोआप गर्भ गेलेल्या बाईचीही हीच गत. मग जिच्याविषयीं कुजबुज आहे तिची काय असेल?

आमच्या मंडळ्यांतलीं पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. बीड, जालना व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतल्या उपदेशकांस हें सांगावयास नको. त्या दिवसांत त्यांचीं मंदिरें अर्धीं रिकामीं असतात. तेथें नवरा-बायको मिळून एक कोयता धरिला जातो, मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकलें कीं खाडा पडून पैसे कापले जातात. अशा ठिकाणीं कोपीमध्यें जिचा गर्भ गेला ती दुसऱ्या दिवशीं पहांटे मोळी उचलते. ती विश्रांति घेत नाहीं ह्याचें कारण तिला विश्रांतीची किंमत कळत नाहीं हें नव्हे. तिला ती रुपयांत कळते. २०१९ सालीं राज्य शासनाच्या समितीनें बीड जिल्ह्यांतल्या सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या प्रत्येकीची कथा एकच नाहीं. परंतु अंगावर जाणें, पोट दुखणें, पाळीच्या दिवसांचा खाडा, आणि वेळेवर कोणीं नीट न पाहणें, ह्या वाटेनें कित्येक जणी त्या टेबलावर पोंचल्या.

कारखान्यांत किंवा कचेरींत नोकरीस असलेल्या बाईंसाठीं मात्र राज्याच्या कायद्यानें विचार केला होता. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्यानें गर्भ गेलेल्या नोकरदार स्त्रीस सहा आठवड्यांची भरपगारी रजा ठरवून दिली, आणि १९९५ च्या दुरुस्तीनें, कायद्यास धरून डॉक्टराकडून गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीसही तीच रजा लागू केली. दोघींसही सहाच आठवडे. एकीला सहा व दुसरीला तीन असें कायदा करणारांस सुचलें नाहीं, कारण भरून येणारी जखम दोघींची सारखी आहे हें त्यांनीं ओळखलें. कोयता धरणारीला मात्र ही रजा कोणी देत नाहीं. तिला जी काय रजा मिळावयाची ती घरच्यांनीं व शेजाऱ्यांनींच द्यावयाची. आणि शेजारी तर दाराशीं प्रश्न घेऊन उभे!

त्या प्रश्नाचें फळ काय होतें तें पहा. ज्या बाईचें आपोआप गेलें ती शपथा घेऊं लागते, आणि शपथ घेतली म्हणून लोक अधिकच संशय घेतात. जिनें करून घेतलें ती लपवूं लागते. ती दूरच्या गांवच्या औषधाच्या दुकानांतून डॉक्टराच्या चिठ्ठीवांचून गोळ्या आणविते. किती दिवस झाले हें कोणीं तपासलेलें नसतें, गर्भ पिशवींत आहे कीं नळींत आहे हेंही कोणीं पाहिलेलें नसतें. मग रात्रीं गोठ्यांत जाऊन ती कण्हते, कापडें अंधारांत धुते, उन्हांत वाळवीत नाहीं, आणि ताप आला तरी शेतावर जाते, कारण घरीं राहिली तर लोक विचारतील. एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा आहे कीं, २०१५ सालीं भारतांत १ कोटि ५६ लक्ष गर्भपात करविले गेले, आणि त्यांतले चारांत जवळजवळ तीन दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. म्हणजे बहुतेक बाया बऱ्या होतात त्या घरींच, आणि तेथें डॉक्टर नसतो, परिचारिका नसते; नवरा, सासू, जाऊ आणि शेजारीण एवढींच असतात. त्या घरांत तोंड उघडून ‘मला फार जातें आहे’ असें म्हणण्याची तिला भीति वाटली तर ती कोणाजवळ बोलणार? आम्हांस असें वाटतें कीं, गर्भपातानें जितक्या बाया मरत नाहींत तितक्या पुढच्या लपवालपवीनें मरतात.

कोणी वडील जन म्हणतील, “पाळकसाहेब, आपलें म्हणणें दयेचें आहे, पण जिनें पाप केलें तिलाही आम्ही पेज नेऊन देऊं लागलों, तर गांवांतल्या दुसऱ्या मुलींस भय कसलें राहील?” ह्या आक्षेपाची आम्ही थट्टा करीत नाहीं. मंडळीनें बऱ्यावाइटाचा विवेक सोडावा असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. पण दारू पिऊन विहिरींत पडलेल्या माणसाचा पाय मोडला, तर आम्ही त्याला आधीं वर काढतों, पायाला फळी बांधतों, आणि दारूविषयीं जें बोलावयाचें तें पाय बसल्यावर बोलतों. फळी बांधल्यामुळें गांवांत दारू वाढली असें आजवर कोणीं म्हटलें नाहीं. पुरुषाच्या पायाला जी सवलत मिळते ती बाईच्या पोटाला कां मिळूं नये? आणि भयाविषयीं म्हणाल तर, भयानें गर्भपात थांबत नाहींत, ते अंधारांत जातात. त्याचा हिशेब वर दिलाच आहे.

पुण्यांत १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं आपल्या घरीं बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें, ही गोष्ट ह्या जागीं आठवते. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत, तरी स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते, आणि आमच्या लोकांनीं त्यांच्याकडून घेण्यासारखें पुष्कळ आहे. त्या काळीं वपन केलेल्या विधवांस दिवस गेले म्हणजे लाजेपोटीं त्या गर्भ पाडीत किंवा जन्मलेलें मूल मारीत. जोतीरावांस ह्या हत्या थांबवावयाच्या होत्या. त्यांनीं त्यासाठीं पंचायत भरविली नाहीं. एक खोली मोकळी केली, आणि येणाऱ्या बाईनें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, वाटल्यास मूल तेथेंच ठेवून जावें अशी सोय केली. तेथें आलेल्या काशीबाई नांवाच्या विधवेचा मुलगा यशवंत हा त्या दांपत्यानें पुढें दत्तक घेतला. हत्या व्हावी असें ज्याला अजिबात वाटत नव्हतें त्यानेंच दार उघडलें, हें आमच्या वडील जनांनीं ध्यानांत घ्यावें.

आणखी एक दाखला आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. बारा वर्षें रक्तस्राव असलेली बाई गर्दींतून येऊन प्रभूच्या वस्त्रास शिवली, ही कथा मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत आहे. ती कथा आम्ही विश्वासाविषयीं वाचतों. पण तिच्यांतल्या क्रमाकडे कोणी फारसें पाहत नाहीं. रक्त कशानें जातें आहे असें तिला कोणीं आधीं विचारलें नाहीं. ती आधीं बरी झाली. मग तिनें भीत भीत आपली सर्व हकीकत सांगितली, आणि तीही ज्यानें बरें केलें त्यालाच. बरें होणें आधीं, सांगणें मागाहून, आणि सांगावयाचें तें ज्याला सांगावेंसें वाटेल त्याला: हा क्रम आमच्या गांवांत बरोबर उलटा झाला आहे. विटाळ मानणें आम्हीं सोडलें असें आम्ही म्हणतों; त्याची एखादी सावली अजून उंबऱ्यांत पडलेली आहे कीं काय, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.

आतां मनाविषयीं. देह सहा आठवड्यांत सांवरतो, मनाचा असा कांहीं नेम नाहीं. त्याविषयीं दोन प्रकारचीं अज्ञानें आढळतात, आणि दोन्हीं निर्दय आहेत. पहिलें असें कीं, ‘अजून जीव तो केवढा होता! पुढच्या वर्षीं पाळणा हालेल’ असें म्हणून आपोआप गर्भ गेलेल्या बाईचें दुःख पुसून टाकावयाचें. लंडन येथील इंपीरियल कॉलेज व बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठ येथील संशोधकांनीं २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या कांहीं महिन्यांतच ज्यांचा गर्भ गेला अशा स्त्रियांत, एक महिन्यानंतर शेंकडा २९ जणींस, आणि नऊ महिन्यांनंतरही शेंकडा १८ जणींस, मोठ्या आघातानंतर होणाऱ्या मनोविकाराचीं लक्षणें होतीं. तेंच तें रात्रीं पुन्हां पुन्हां दिसणें, दचकून उठणें, त्या खोलींत पाय न ठेववणें. नऊ महिने म्हणजे तें लेंकरूं जन्मावयाचे दिवस येऊन गेलेले असतात. ते दिवस आईला बरोबर आठवतात. कोणी सांगावयास नको. जावेच्या घरीं बारसें असतें, आणि ही मोरीवर भांडीं घाशीत बसते.

दुसरें अज्ञान असें कीं, जिनें स्वतः करून घेतलें तिला दुःख व्हावयास अधिकारच नाहीं. अथवा ह्याच्या उलट, तिला दुःख झालेंच पाहिजे, न झालें तर ती दगडाच्या काळजाची. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं गर्भपातासाठीं दवाखान्यांत आलेल्या सुमारें एक हजार स्त्रियांची पांच वर्षें विचारपूस केली. ज्यांनीं गर्भपात करून घेतला होता त्यांपैकीं फार मोठ्या भागानें, दर वेळीं विचारलें असतां, आपला निश्चय आपल्यापुरता बरोबर होता असेंच सांगितलें, आणि सुटल्यासारखें वाटणें ही भावना सर्वांत अधिक आढळली. दुःख, अपराधी वाटणें, राग, हींही होतीं, आणि तीं काळानें कमी होत गेलीं. परंतु आपलीं माणसें आपल्याकडे खालच्या नजरेनें पाहतील असें ज्यांस वाटत होतें त्यांचें दुःख अधिक होतें. अमेरिकेंतल्या बाया आणि आमच्या बाया एक नव्हेत, हें खरें. पण लोकांच्या नजरेचें ओझें आमच्या खेड्यांत तेथल्यापेक्षां हलकें आहे असें कोणी म्हणूं शकेल काय?

सुटल्यासारखें वाटणें आणि रडूं येणें हीं दोन्हीं एकाच बाईला एकाच दिवशीं होतात. चौथें लेंकरूं पोसण्याची ऐपत नव्हती म्हणून सुटल्यासारखें. आणि तरीही तें आपलें होतें म्हणून रडूं. ह्यांत ढोंग नाहीं. पुष्कळ दिवस आजारी असलेल्या आईला मूठमाती देऊन आलेल्या मुलास दोन्हीं वाटतात, आणि त्याला कोणी खोटा म्हणत नाहीं.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति अशी आहे कीं, जें दुःख तिला झालें नाहीं तें आपल्या उपदेशानें तिच्या पदरीं बांधूं नये, आणि जें झालें आहे तें काढून घेऊं नये. तिला आपल्या कृत्याबद्दल देवापाशीं बोलावयाचें असेल, क्षमा मागावयाची असेल, तर ती सांगेल. मग एकांतांत, तिची आई किंवा दुसरी विश्वासाची बाई जवळ असतां, तिचें ऐकावें, आणि ऐकलेलें पोटांत ठेवावें. २०२१ सालीं गर्भपाताच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, तिच्यांत अशा बाईचें नांव फोडणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. उपदेशकास कोणी कैद करणार नाहीं; त्याच्या बायकोसही नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं गोष्ट तेथूनच बाहेर पडते, असें म्हटल्याबद्दल आमच्या भगिनींनीं रागावूं नये.

मात्र शोक कोठें संपला आणि आजार कोठें सुरू झाला हें ओळखावयास शिकलें पाहिजे. दोन आठवडे उलटूनही झोंप नाहीं, अन्न नाहीं, असलेल्या लेंकरांकडे लक्ष नाहीं, किंवा ‘मी असून काय उपयोग’ असें बोलणें निघालें, तर केवळ प्रार्थना करून परत येऊं नये. शासनाची टेली-मानस नांवाची फोनसेवा २०२२ सालापासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतही बोलतां येतें. जिल्हा रुग्णालयांत मनाचे डॉक्टर असतात. ‘मरून जावें’ असें ती म्हणाली तर त्या रात्रीं तिला एकटी ठेवूं नये, आणि फवारणीचें औषध घरांतून हालवावें.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांस हा प्रश्न विशेष अन्यायाचा वाटतो ती सांगतों. पडलें कीं पाडलें, हें केवळ बाईला विचारतात. २०११ च्या जनगणनेंत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागें मुली ८०७ होत्या. उरलेल्या मुली कोठें गेल्या? तपासणीस घेऊन जाणारी गाडी कोणाची होती, पैसे कोणीं मोजले, आणि घरीं आल्यावर ‘आतां पुढच्या वेळीं पाहूं’ असें कोण म्हणालें? गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानें असें धरून चालावयास सांगितलें आहे कीं, उलट सिद्ध होईपर्यंत त्या बाईस नवऱ्यानें किंवा नातलगांनीं भाग पाडलें. दिल्लीस कायदा करणारांस जें कळलें तें आमच्या पायरीवर बसणारांस कळूं नये, ह्याचें नवल वाटतें. अंथरुणावर पडलेली बाई पुष्कळदां त्या निर्णयांत सर्वांत कमी बोललेली असते, आणि त्याचें मोल सर्वांत अधिक तीच देते. तिला दोषी ठरविणारांत गाडी करून देणारा सासरा असावा, हें तर आम्हीं पाहिलें आहे.

नवऱ्याविषयीं मात्र एवढ्यानेंच थांबणें बरोबर होणार नाहीं. कित्येक नवरे त्या रात्रीं दवाखान्याच्या व्हरांड्यांत बसून राहतात, आणि त्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं. पुरुषानें रडावयाचें नाहीं असें शिकविलेलें; मग तो आठ दिवस घरीं बोलत नाहीं, आणि तिला वाटतें कीं आपल्यावर रागावला. अशा घरीं उपदेशकानें दोघांच्या मध्यें बसून नुसता चहा घेतला तरी पुष्कळ काम होतें.

कधीं कधीं एखादी आई विचारते, “तें माझें लेंकरूंच होतें ना? त्याच्यासाठीं प्रार्थना कराल काय?” ह्याचें उत्तर विद्यालयांतल्या कोणत्याही पुस्तकांत आम्हांस तयार मिळालें नाहीं. कितव्या महिन्यांत गर्भास मूल म्हणावें हा वाद तिच्यापुढें काढूं नये. तिनें मागितली तर प्रार्थना करावी, आणि तिनें मनांत ठेवलेलें नांव असेल तर तें उच्चारावें. न मागितली तर करूं नये. एका खेड्यांत एका बाईचा तिसऱ्या महिन्यांतला गर्भ गेला, तेव्हां तिच्या नवऱ्यानें तो फडक्यांत गुंडाळून परसांतल्या कडुलिंबाच्या मुळाशीं पुरला, आणि कुत्र्यांनीं उकरूं नये म्हणून वर एक दगड ठेवला. कसें झालें, आपोआप कीं अन्य रीतीनें, हें आम्हीं विचारलें नाहीं. ती बाई पांच आठवडे शेतावर गेली नाहीं. सासूनें तिला जाऊं दिलें नाहीं, तिच्या वांट्याची खुरपणी मंडळींतल्या दोघी बायांनीं आळीपाळीनें केली. दगड अद्याप तेथेंच आहे. सासू सकाळीं परसांत झाडू मारते, तेव्हां त्या दगडाभोंवतीं पडलेला पाला तेवढा हातानें वेंचून काढते.